धुऱ्यावरचं पिवळं फूल चिकना नाही निघालं

मागं मी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, एका झाडाचा फोटो टाकला होता, गुडघाभर उंच, पाच पाकळ्यांचं पिवळं फूल, आणि खाली चिकना आहे असं लिहून मोकळाही झालो होतो. चुकलो. दोन महिने गेले त्यात, पण नाव लागलं.

आमच्या आर्वीकडं (वर्धा जिल्हा) असं पिवळ्या फुलाचं, उपटता उपटत नाही असं काही दिसलं की लोक चिकनाच म्हणतात. पुस्तकाच्या हिशोबानं चिकना म्हणजे साइडा ही प्रजाती, त्यातही अक्युटा, ऱ्हॉम्बिफोलिया, कॉर्डिफोलिया अशा जाती, सगळ्यांची फुलं दुरून सारखीच. झाडं ओळखायच्या ॲपला विचारलं तर सकाळच्या फोटोला एक नाव, संध्याकाळच्या फोटोला दुसरं, अन एकदा तर चक्क भेंडी सांगितली. तशी अगदीच चूक नाही म्हणा, खानदान तेच आहे.

माझा घोळ असा की मी फोटो नुसते वरून काढत होतो. वरून दिसते काय तर पाकळ्या आणि मधात पुंकेसरांची नळी, ती तर पऱ्हाटीलाही असते, अंबाडीलाही असते, त्यावरून काहीच ठरत नाही.

पोळ्यानंतर त्या झाडाला ओळख म्हणून लाल चिंधी बांधली आणि निंदणाच्या बायांना सांगायचंच राहून गेलं. दुसऱ्या दिवशी झाड चिंधीसकट ढिगात. मग दुसरं झाड शोधलं आणि या वेळी आधीच दाखवून ठेवलं, तर त्यातल्या एका काकूंनी फूल बोटानं उलटं केलं अन म्हणाल्या, "हा चिकना नोहय बापू, पाय ना, याले पऱ्हाटीच्या पात्यावानी खालून पानं हायेत."

आता बघा, पऱ्हाटीचं पातं आपण जन्मभर पाहतो, तीन हिरव्या पानांत झाकलेली कळी. तरी मला सुचलं नाही! भिंग लावून पाहिलं तर हिरव्या पाच दातांच्या पेल्याखाली (पुष्पकोशाखाली) खरंच तीन बारीक, अरुंद पानं होती, पऱ्हाटीसारखी रुंद कातरलेली नाही, पण तीनच. याला उपपुष्पकोश म्हणतात आणि साइडाला तो नसतोच. म्हणजे साइडाचा पत्ता तिथंच कट.

पुढचं काम फळाचं. वाळलेलं फळ स्टीलच्या ताटलीत चुरलं (पंखा बंद करून, पहिलं फळ पंख्यानं उडवलं). एकातून १२ फोडी निघाल्या, दुसऱ्यातून ११. प्रत्येक फोड आकारानं किडनीसारखी, तिला तीन टोकं, एक वर अन दोन पाठीवर. ताडून पाहायला विहिरीजवळचा खरा चिकना आणला, साइडा अक्युटा, त्याच्या ६ फोडी आणि प्रत्येकीला दोनच टोकं. खोडावरची लवही वेगळी, धुऱ्यावरच्या झाडाची लव खोडाला चिकटून झोपलेली, एकेका केसाला चार फाटे, दोन वर दोन खाली. हे दिसायला दहा पटीचं भिंग अन उतरतं ऊन लागते, दुपारच्या उन्हात काही कळत नाही.

तर नाव: मॅल्व्हास्ट्रम कोरोमँडेलियानम. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं १७५३ मध्ये याला माल्व्हा कोरोमँडेलियाना म्हटलं, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गार्केनं १८५७ मध्ये मॅल्व्हास्ट्रममध्ये टाकलं. नावात कोरोमंडल किनारा आहे म्हणून मी इथलंच समजत होतो, पण मूळ झाड अमेरिकेतलं.

आता धुऱ्यावरची जुनी सगळी "चिकना" नोंद परत तपासतोय, २३ पैकी ९ झाडं झाली, त्यातली ४ मॅल्व्हास्ट्रम निघाली. नाल्याकडं एक मऊ, मखमली, बदामी आकाराच्या पानांचं आहे, त्याच्या फोडींना लांब कुसळं आहेत आणि ती पँटला चिकटतात, कॉर्डिफोलिया वाटते. फळ अजून हिरवं आहे, वाळलं की मोजतो. आणि कोणाकडं ऱ्हॉम्बिफोलियाचं पिकलं फळ असेल तर फोटो खालून काढा, वरून नको.