बारा वर्षांच्या नोंदी
सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील आमच्या कारखान्यात जॅकार्ड चादरीची प्रत्येक नक्षी, सुताचा काउंट (जाडी-बारीकपणाचा आकडा) आणि रंगाचे प्रमाण मी बारा वर्षे एकाच अ‍ॅपमध्ये नोंदवत आलो. यंदा त्याची वर्गणी दुपटीहून अधिक झाली. सूत महागले की आम्हीही भाव वाढवतो, परंतु जुन्या गिऱ्हाइकाला आधी सांगतो. खरे दुखले ते अ‍ॅपमधली शोधायची सोय बिघडल्याने : ‘मोर, किरमिजी’ असे टाकताच वडिलांच्या हस्ताक्षरातील कागदाचा फोटो पूर्वी क्षणात समोर येई, आता येत नाही. म्हणून तीन रविवार मी सर्व नोंदी जॉपलिन या मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा) अ‍ॅपमध्ये हलवत आहे, कारण तेथील मजकूर २००४ पासून चालत आलेल्या मार्कडाउनमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये, बाहेर काढता येतो. फोटोंना नावे मात्र हातानेच द्यावी लागतात. काल मोरापर्यंत पोहोचलो.