तुम्ही विचारलंत म्हणून: मंगळवारचे सहा किलोमीटर

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात पहाटे पळायला येणाऱ्या नव्या मुली हमखास विचारतात, "ताई, आठवड्याला २०-२५ किलोमीटर होतात, ४० वर न्यायचेत. पण दुखणं मागे लागायला नको. कसं वाढवायचं?"

मी बँकेत नोकरीला, त्यामुळे माझी चूकही बँकवाल्या डोक्याचीच होती. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालली होती. आठवड्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही, हा सगळ्यांना पाठ असलेला नियम मीही पाळत होते. एका आठवड्यात ५, ५, ४ आणि रविवारी १०, असे २४ झाले. पुढच्या आठवड्यात ६, ५, ४, ११ करून २६ करायचे होते. मंगळवारी घरी पाहुणे आले आणि सहा किलोमीटर बुडले. मग रविवारी मी ते थकबाकीसकट भरले. अकराच्या जागी सतरा. बेरीज बरोब्बर २६! वहीत हिशोब चोख होता.

उतरताना नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर, ठसठस सुरू झाली. नडगी लांबवर दुखली तर बहुतेकदा ते 'शिन स्प्लिंट्स' असतं, एकाच जागी दुखली तर हाडाची शंका घ्यायची. माझं दुखणं एका बोटाखाली मावत होतं. तरीही मी बाम चोळून आणखी दोन आठवडे पळाले, म्हणजे शहाणपणाचा कळसच. एक्स-रेमध्ये काही आलं नाही. एमआरआयमध्ये मात्र पळण्याच्या ताणाने हाडालाच इजा झाल्याचं दिसलं. आठ आठवडे पळणं बंद.

दम महिन्या-दोन महिन्यांत वाढतो, हाड त्याच्या मागून सावकाश येतं. त्या रविवारी सतरा किलोमीटर मला जड गेलेच नव्हते, आणि तिथेच फसगत झाली. २०२५ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये पाच हजारांहून जास्त धावणाऱ्यांचा अभ्यास आला, तो वाचताना मला माझी वहीच आठवली. आठवड्याच्या बेरजेतली वाढ आणि दुखापत यांचा मेळ त्यात लागला नाही. मात्र एखादी धाव मागच्या ३० दिवसांतल्या सगळ्यात लांब धावेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त लांबली, की दुखापतीचं प्रमाण वाढलेलं होतं. माझी तर ७० टक्क्यांनी लांबली होती.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट विचारली, ती घाटात कुणीच विचारत नाही. पाळी नियमित येते का, आणि खाता काय? पोटात कमी गेलं की पाळी बिघडते आणि हाडंही कमजोर होतात. श्रावण चालू होता. सोमवारी उपास, शनिवारी एकवेळ, आणि रविवारी लाँग रन. वाटीभर साबुदाण्यावर हाडं काय दुरुस्त होणार? सासूबाईंना हे पटवणं घाट चढण्यापेक्षा अवघड गेलं, पण शनिवारची भाकरी आता पोटात जातेच.

आता मी आधी दिवस वाढवते. चारचे पाच करायचे, तो पाचवा दिवस तीनच किलोमीटरचा, गप्पा मारता येतील इतका हळू. रविवार एका वेळी एक किलोमीटरने वाढतो, तोही दर आठवड्याला नाही. चौथ्या आठवड्यात सगळंच कमी करते. ज्या आठवड्यात घाट वाढतो, त्यात अंतर वाढत नाही. बुटांबद्दल फार विचारू नका, झिजले की बदलते. आणि बुडालेला मंगळवार बुडाला. तो 'राइट ऑफ'.

चाळीसला पोचायला मला सात महिने लागले. हे सांगितलं की मुलींचे चेहरे पडतात, कारण स्पर्धा दहा आठवड्यांवर असते. मग मी विचारते, गेल्या महिन्यात एका दमात सगळ्यात लांब किती पळालीस? बहुतेकींना आठवड्याची बेरीज तोंडपाठ असते. हा आकडा मात्र मोबाइल काढून शोधावा लागतो.