हिशोबात न बसलेले 74 सेंटिमीटर

पुण्यातल्या नदीकाठच्या पेठेतला दोन मजली, एका चौकाचा वाडा. मे महिना. महापालिका अधिनियमाच्या कलम 264 खालची धोकादायक इमारतीची नोटीस दिंडी दरवाजाला चिकटवलेली, आणि दुसरीकडे वारसा यादीत श्रेणी 3 म्हणून नोंद. उतरवायचा की दुरुस्त करायचा, हे ठरण्याआधी वाड्याचं पूर्ण मोजमाप, छायाचित्रं आणि बांधकामाचा कालक्रम लेखी हवा होता. माझं काम ते होतं. वाडा खरंच पाडला गेला, तर मागे एवढाच कागद उरतो. म्हणून तो पुन्हा तपासून पाहता येईल असाच लिहावा लागतो.

आम्ही तिघं होतो. सामान नेहमीचं: लेझर मीटर, 30 मीटरचा आणि 5 मीटरचा टेप, ओळंबा, गवंड्याची समपातळी बघायची पाण्याची नळी, आलेखाचे कागद, बॅटरी, भिंग, एक बोथट स्क्रू ड्रायव्हर. लेझर असला तरी नळी सोडू नये. जुन्या वाड्यात जमीन, उंबरा, तुळई यांतलं काहीच समपातळीत नसतं. आधी चौकाच्या चारही बाजूंच्या खांबांवर नळीने एकाच पातळीची खडूची रेघ मारायची आणि त्या दिवसाची सगळी उंची त्या रेघेपासून मोजायची. जमिनीपासून मोजलेली उंची जमीन बदलली की खोटी ठरते. या वाड्यात जमीन बदललेली होती, ते पुढे येईलच.

मापं घेताना दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे सुटी मापं. खिडकी मोजली, मग पुढचा भिंतीचा तुकडा, मग दार, असं करत गेलं की प्रत्येक वेळची अर्धा सेंटिमीटरची चूक साठत जाते. टेपचा शून्य एका कोपऱ्यात धरून तो न उचलता सलग आकडे वाचत जायचं. दुसरी चूक, कर्ण न मोजणं. इथे माजघराच्या समोरासमोरच्या भिंती सारख्या भरल्या, पण दोन कर्णांत 11 सेंटिमीटरचा फरक आला. कर्ण घेतले नसते, तर कागदावर काटकोनातली खोली उमटली असती, जी त्या वाड्यात नाहीच.

अकराच्या सुमारास उत्तरेच्या बाजूचा हिशोब जुळवायला घेतला. रस्त्याकडच्या बाहेरच्या तोंडापासून चौकातल्या खांबांच्या बाहेरच्या कडेपर्यंत 7.26 मीटर. आतून: रस्त्याकडची भिंत 0.71, माजघर 3.05, मधली भिंत 0.62, सोपा म्हणजे चौकाकडची ओसरी 2.14. बेरीज 6.52. म्हणजे 74 सेंटिमीटर कमी. अशा कामात 2-3 सेंटिमीटर आम्ही चालवून घेतो, त्याहून जास्त नाही. अशा वेळी संशय आधी स्वतःच्या मापावर घ्यायचा. माणसं बदलून पुन्हा मोजलं, तरी तेच आलं. मग लक्षात आलं की मधल्या भिंतीचं 0.62 हे आम्ही मोजलेलंच नव्हतं. त्या भिंतीला त्या भागात दारच नाही, माजघरात जायची वाट बाजूने आहे. आतल्या इतर भिंतींची जाडी 62 सेंटिमीटर म्हणून हिचीही तीच धरली होती. गृहीत धरलेलं माप कागदावर कंसात लिहायचं असतं, ते राहिलं होतं. खरी जाडी 1.36 मीटर निघत होती.

एवढी जाड भिंत निव्वळ भार घ्यायला कुणी बांधत नाही. वाड्याचा भार लाकडी सांगाड्यावर असतो: खांब, त्यांच्या माथ्यावर घोडे म्हणजे आडवे लाकडी आधार, त्यावर तुळई, वर कडीपाट म्हणजे आडव्या कड्या आणि त्यांवरच्या फळ्या. भिंत बहुतांशी मधली जागा भरते. जाड भिंतीत एक तर धान्याचं बळद असतं, नाही तर जिना. कुटुंबाकडे कंपनी सरकारच्या अमदानीतलं एक मोडी वाटणीपत्र होतं. त्याच्या लिप्यंतरात उत्तरेचा सोपा देताना ‘भिंतीतील जिन्यासुद्धा’ असे शब्द होते. घरातल्या कुणालाच तो जिना ठाऊक नव्हता. सगळे चौकातल्या लाकडी जिन्यानेच वर जात.

माडीवर त्याच भिंतीत एक फडताळ होतं. खालची फळी ठोकली तर आवाज पोकळ. फळी काढण्याआधी जागचं छायाचित्र घेतलं, मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण शेजारी ठेवून. मग खिळे पाहिले. फडताळाच्या चौकटीचे खिळे घडीव, चौकोनी दांड्याचे, लोहाराने ठोकलेल्या मोठ्या माथ्याचे. फळीचे खिळे मात्र तारेचे, गोल दांड्याचे. म्हणजे फळी चौकटीपेक्षा बरीच नंतरची. ती उचलली आणि खाली दगडी पायरी दिसली. अर्धा तास हवा खेळू दिली, बॅटरीने साप-विंचू आहे का पाहिलं, आणि मगच एक जण उतरला. झाडू घ्यायचा नाही, हे आधीच सांगून ठेवलं होतं. अशा जागेतली धूळ आणि माती हाही पुरावा असतो.

जिन्याची रुंदी 64 सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना 36-36 सेंटिमीटरची दगडाची आणि वर पातळ भाजक्या विटेची चुन्यातली भिंत. हिशोब जुळला. अकरा चढ, सरासरी 27.5 सेंटिमीटरचे. खालच्या तीन पायऱ्यांवर मऊ, करड्या गाळाचा थर. आणि दोन्ही भिंतींच्या चुन्याच्या गिलाव्यावर, माडीच्या जमिनीपासून 1.12 मीटर खाली, एक आडवी रेघ. तिच्या वर पांढरा गिलावा, खाली पिवळट करडा, बोटाला बारीक पूड लागणारा. रेघ नळीला अचूक समपातळीत होती. ओल वर चढते तेव्हा तिची कड वेडीवाकडी, मिठाने फुगलेली असते. इतकी सरळ रेघ साचलेलं पाणीच ओढतं.

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, त्याच दिवशी खडकवासल्याचंही गेलं, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्याच्या जुन्या वाड्यात काम करताना ही तारीख सतत डोक्यात ठेवावी लागते. वाड्यांच्या बऱ्याच भिंती भेंड्याच्या असतात, म्हणजे पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटांच्या. कोरड्या असतील तर त्या दोनशे वर्षं उभ्या राहतात, पण पाण्यात काही तासांत विरघळतात. सांगाडा मात्र उभा राहतो. त्यामुळे पूर ओसरल्यावर कित्येक वाडे वर माडी आणि खाली नुसते खांब अशा अवस्थेत होते.

तरी एका रेघेवरून वर्ष लिहिता येत नाही. खात्री पटवली ती जिन्याच्या तळाने. सोप्याकडचं तोंड विटांनी बुजवलेलं होतं. आतून त्या विटांना गिलावा नव्हता, त्यामुळे बांधकाम उघडं दिसत होतं: कारखान्याच्या विटा, मधे खोलगट आणि त्यात इंग्रजी अक्षरं, सांधे सिमेंटचे. सिमेंटचा माल आतल्या बाजूला फुगून लोंबलेला, म्हणजे गवंडी बाहेर सोप्यात उभा होता. आणि सगळ्यात खालचा थर दगडी पायरीवर बसलेलाच नव्हता. तो गाळावर बसलेला होता. विटेखाली गाळाचा 9 सेंटिमीटर जाडीचा अखंड पट्टा दिसत होता, वर बारीक पोताचा आणि खाली रेताड. आधी गाळ आला, मग विटा आल्या. पुरानंतर कुणीतरी घाईने, आतला गाळ न उपसता तोंड बंद केलं, आणि त्यामुळेच ती रेघ आजवर कुणाच्या चुन्याच्या सफेदीखाली गेली नाही.

घरातल्या आजी तेव्हा नव्याने लग्न होऊन आलेल्या. त्यांना जिन्याबद्दल काही सांगितलं नाही. ‘पाणी एवढं होतं का?’ असं विचारलं की माणूस हो म्हणतो, म्हणून फक्त म्हटलं, “आजी, पाणी कुठवर आलं होतं ते दाखवाल का?” त्या सोप्यातल्या एका खांबापाशी गेल्या आणि लाकडी खुंटीखाली आडवा हात धरला. “हिच्याखाली चार बोटं. आमच्या सासूबाईंची जपाची माळ हिला टांगलेली होती. ती तेवढी कोरडी राहिली.”

खुंटी आजच्या जमिनीपासून 1.87 मीटर. चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर धरले तर 1.80. जिन्यातली रेघ जुन्या दगडी जमिनीपासून 1.91 येत होती. फरक 11 सेंटिमीटरचा. तो आजींच्या आठवणीतला फरक नव्हता. सोप्यातल्या जमिनीवर पुरानंतर कोबा, म्हणजे सिमेंटचा घट्ट थर, घातलेला होता, आणि जिन्याच्या तळाशी सापडलेली जुनी फरसबंदी खडूच्या रेघेपासून मोजली तर कोबा तिच्या बरोबर 11 सेंटिमीटर वर निघाला. दोन्ही मापं एकाच पाण्याची होती.

नोटिशीचा प्रश्न त्याच 11 सेंटिमीटरपाशी सुटला. चौकाला चौदा खांब, सगळे सागवानी, सुरूच्या घाटाचे, म्हणजे सुरूच्या झाडासारखे निमुळते कोरलेले. मूळ बांधणीत खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे पायाखालच्या घडीव दगडावर, उभा असतो आणि तळखडा जमिनीच्या वर असतो. जमीन धुतली, पाऊस आत आला, तरी लाकूड पाण्याला लागत नाही. जी ओल चढते ती दगडातून, मातीच्या जमिनीतून उडून जाते. उत्तर आणि पूर्व बाजूला कोबा घालताना तळखडे त्यात गाडले गेले आणि खांबाच्या पायाला सिमेंटची घट्ट गळपट्टी बसली. लाकूड ओलं-सुकं होताना आक्रसतं, गळपट्टी तशीच राहते, मधे केसाएवढी फट पडते आणि धुण्याचं पाणी तिच्यात उतरतं. ते बाहेर पडायला वाट नसते.

स्क्रू ड्रायव्हर प्रत्येक खांबात दोन ठिकाणी दाबून पाहिला, पायाशी आणि 60 सेंटिमीटरवर. कोब्यात अडकलेल्या सात खांबांपैकी पाचांच्या पायाशी तो 3 ते 5 सेंटिमीटर आत गेला. सगळ्यात वाईट खांब क्रमांक 4: पायाचं लाकूड हातात चहाच्या भुकटीसारखं आलं. 60 सेंटिमीटरवर मात्र चौदाही खांबांत टोक 2 मिलिमीटरसुद्धा गेलं नाही. दक्षिण आणि पश्चिम बाजूला जोतं (चौथरा) उंच असल्याने तिकडे कोबा घातलाच नव्हता. तिथले सातही पाय ठणठणीत. नोटीस चुकीची नव्हती, वाडा कोब्याच्या बाजूला खरंच खचत होता. पण कुजलं होतं ते 1961 नंतरच्या दुरुस्तीने बांधून ठेवलेलं लाकूड. दीडशे वर्षांहून जुना, मोकळा राहिलेला सांगाडा धडधाकट होता. ‘जुना म्हणून धोकादायक’ हे वाक्य अहवालांत इतक्या सहज येतं, आणि त्यावर चांगले वाडे पाडले जातात. कुठला भाग किती जुना आणि नेमकं काय कुजलंय, हे वेगवेगळं लिहिलं पाहिजे.

उरलेल्या उजेडात छप्पर केलं. तिथे एक सापळा असतो. मंगलोरी कौलावर बासेल मिशनचा छाप आणि 1865 हा आकडा होता, आणि घरात समज असा की छप्पर 1865 चं. ते कारखाना सुरू झाल्याचं वर्ष आहे. नंतर कितीतरी वर्षं तोच छाप कौलांवर पडत राहिला. कौल 1865 च्या आधीचं नाही, एवढंच त्यावरून म्हणता येतं. वाशांवर करवतीच्या कमानीसारख्या खुणा होत्या, म्हणजे गिरणीत गोल करवतीवर कापलेले. माडीच्या कड्यांवर मात्र दोन माणसांनी ओढलेल्या करवतीच्या सरळ, कमीजास्त अंतराच्या रेघा आणि तासणीचे उथळ घाव. छप्पर नंतरचं, माडी आधीची.

नकाशात तीन रंग वापरले. सांगाडा, माडी आणि भिंतीतला जिना काळ्यात, ‘कंपनी सरकारच्या वाटणीपत्राआधीचा’ एवढ्याच शब्दांत. घरचे पेशवाईतला म्हणतात, ते ‘कुटुंबाच्या सांगण्यानुसार’ असं लिहून वेगळं ठेवलं. छप्पर निळ्यात. तळमजल्याच्या सिमेंटच्या भिंती, कोबा आणि बुजवलेलं दार लाल. जे डोळ्यांनी पाहिलं ते सलग रेषेत, जे तर्काने ठरवलं ते तुटक रेषेत. जिन्यातल्या गाळाचा एक नमुना विटेखालून आणि एक पायरीवरून घेतला, पिशवीवर जागा आणि खोली लिहून. बाकीचा गाळ तसाच ठेवला आणि फळी त्याच भोकांत तेच खिळे घालून बसवली.

दुरुस्तीची शिफारस पावसाच्या आत जेवढी होईल तेवढीच केली. पाचही खांबांभोवतीचा कोबा छिन्नीने, यंत्र न लावता, 45 सेंटिमीटरपर्यंत काढायचा आणि तळखडे उघडे करायचे. कुजलेला पाय कापून तिथे जुन्या, मुरलेल्या सागाचा तुकडा तिरकस सांध्याने जोडायचा, स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांनी. नवा खांब घालायचा नाही, कारण वरचं सुरूचं कोरीव काम तेवढंच मूळ आहे. एका वेळी एकच खांब, शेजारचा भार घेत असताना दुसऱ्याला हात नाही. चुन्याचं काम पावसाळ्यानंतर, कारण ओल्या हवेत चुना सुकायला फार वेळ घेतो. टेकू मात्र त्याच आठवड्यात. पहिला खांब 4 ला, जॅकवर, आणि तुळईला थेट न लावता मधे दोन इंची सागाची फळी घालून, म्हणजे तुळईच्या पोटावर कोरलेलं केळफूल चेपणार नाही.