गाझी अपडेट: सेल एकदाचं जमलं

मंडळी, माझ्या पाकिस्तानी पाणबुडी गाझीच्या मॉडेलचं सेल (पाठीवरचा उभा मनोरा) सरळ उभं राहिलं! ज्याची वाट बघत होतो ते रेझिनचं (ओतीव प्लॅस्टिकचं) तयार सेल आलं तेच वाकडं. गरम पाण्यात घालून सरळ करायला गेलो, तर मागची कड पिळवटली. विक्रेत्याचं उत्तर: ‘रेझिन आहे, होतं असं.’ त्यांच्याकडून परत काही मागवणार नाही.

घोडं कुठे अडलं होतं ते परत सांगतो. १/१४४ चं किट गॅटो या अमेरिकन पाणबुडी वर्गाचं, गाझी त्यानंतरच्या टेंच वर्गातली. ९५ मीटर म्हणजे मॉडेल ६६ सेंमी, हल (पाणबुडीचं मुख्य धड) चालून जातो. पण अमेरिकेने पाकिस्तानला देण्याआधी तिचं ‘फ्लीट स्नॉर्कल’ नावाचं रूपांतर झालं: डेकवरच्या तोफा गेल्या, उघड्या ब्रिजऐवजी बंदिस्त सेल आलं. नाक मात्र जुनंच राहिलं, त्यामुळे ‘गप्पी’ या नाक बदलणाऱ्या दुसऱ्या रूपांतराचा हलही नको.

शेवटी सेल स्वतःच केलं: प्लॅस्टिकार्डचा (प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचा) कणा, त्यावर आडवे काप आणि फटींत एम-सील. मागचा निमुळता भाग डावीकडे फुगायचा थांबेना. उजव्या बाजूचा साचा पुठ्ठ्यात कापला, उलटा करून डावीकडे टेकवला आणि मागे टॉर्च धरला. उजेड दिसत नाही तिथे उंचवटा, तेवढंच घासायचं. प्रायमरखाली एक खड्डा नाही! एम-सीलला नाकं मुरडणाऱ्यांनी महागडी पुट्टी खुशाल लावावी.

विशाखापट्टणमच्या तळाशी पडलेली गाझी करायचा बेत मात्र रद्द. ३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ती भारतीय युद्धनौका ‘राजपूत’च्या डेप्थ चार्जने (पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बने) बुडाली, स्वतःच्याच सुरुंगाने, की आतल्या स्फोटाने, हा वाद मिटलेला नाही. पत्रा बाहेर वाकवायचा की आत, हे ठरवलं की एक बाजू घेतलीच म्हणायची. आणि जिच्या शोधात ती आली ती विमानवाहू विक्रांत तर तेव्हा अंदमानात! त्यापेक्षा सप्टेंबर १९६५ ची, मुंबईबाहेर गस्त घालणारी गाझी करतो. तेव्हा तिने भारतीय युद्धनौका ब्रह्मपुत्रा बुडवल्याचा दावा झाला होता, पण तिला ओरखडाही नव्हता.

थांबा, लिहिता लिहिता सुचलं: सेल चिकटवायचंच कशाला? खाली चुंबक बसवतो. किटचं जुनं सेल आणि तोफा लावल्या की १९४५ ची यूएसएस डायब्लो, म्हणजे अमेरिकन नौदलात असतानाची गाझी. पहिल्या युद्धगस्तीवर निघाली आणि जपान शरण गेला, तीच ही पाणबुडी. म्हणजे डेक परत उघडणं आलं. ३ मिमीचे चुंबक पुरतील का, की ५ चे घेऊ?