सिबिलमधलं ते जुनं क्रेडिट कार्ड

होम लोन रिजेक्ट झालं तेव्हा मला वाटलं पगार कमी पडला असेल. बँकेतल्या मुलाने माझा सिबिल रिपोर्ट, म्हणजे माझ्या कर्जांच्या नोंदी, उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली तर एका जुन्या क्रेडिट कार्डापुढे "रिटन ऑफ", आणि ओव्हरड्यू (थकबाकी) ६१ हजार! २०१७ ला नोकरी सोडली तेव्हा त्याचं १४ हजारांचं बिल भरायचं राहिलं होतं, मग घर बदललं, नंबर बदलला, आणि खरं सांगायचं तर नंतर नंतर मी त्या विषयाकडे बघायचंच टाळलं. नवऱ्याला पण बोलले नव्हते. शेजारी बसून तो ते वाचत होता, तो क्षण अजून आठवतो.

रिटन ऑफ म्हणजे माफ झालं असंच मी धरून चालले होते. तसं नसतं. बँक स्वतःच्या हिशेबात ती रक्कम बुडीत टाकते, आपल्याकडचं येणं तसंच राहतं, आणि ते कर्ज दुसऱ्या कंपनीला विकूही शकते. एक मैत्रीण म्हणाली तीन वर्षं झाली ना, मग सोड. पण १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टमधली ती तीन वर्षं बँकेने कोर्टात दावा लावण्याची मुदत आहे, त्याने रिपोर्टवरची नोंद पुसली जात नाही. आणि ती मुदत संपायच्या आत आपण लेखी कबूल केलं किंवा थोडे पैसे भरले तर मोजणी परत पहिल्यापासून सुरू होते, त्यामुळे "हजार रुपये तरी टाका" म्हटल्यावर लगेच टाकू नका, आधी कुठे उभे आहोत ते बघा.

मी आधी रिपोर्ट काढले. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क, कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुल रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा, कारण माझ्या दोन रिपोर्टमध्ये थकबाकीची रक्कम वेगवेगळी होती.

तेवढ्यात रिकव्हरीवाल्याचा फोन सुरू झाला. "मॅडम, आज २० हजार भरा, विषय संपला, सिबिल क्लीन." मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण कमी पैशात मिटवलं की नोंद "सेटल्ड" होते, म्हणजे पूर्ण भरलं नाही हे पुढच्या प्रत्येक बँकेला दिसतं. ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत त्याने सेटलमेंट करावी, त्यात काही लाज नाही, पण क्लीन होईल या बोलण्यावर करू नये. आणि एजंटने सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे सांगितल्यावर रात्रीचे फोन थांबले.

मग मी बँकेच्या नोडल ऑफिसरला (तक्रारी बघणारा अधिकारी) मेल करून पहिल्यापासूनचं स्टेटमेंट मागितलं. तीन मेल लागले. त्यात दर महिन्याला एका इन्शुरन्सचा हप्ता लावलेला, जो मी कधी घेतलाच नव्हता, आणि त्यावर व्याज, त्यावर लेट फी!! इतका राग आला ना. भांडून ते सगळं रिव्हर्स करून घेतलं तेव्हा खरी बाकी ३८ हजार निघाली. ती मी पूर्ण भरली, पण आधी लेखी घेतलं की एवढी रक्कम भरल्यावर खातं क्लोज्ड म्हणून कळवणार, सेटल्ड म्हणून नाही. पैसे थेट कार्डाच्या खात्यात टाकले, एजंटने दिलेल्या यूपीआयवर नाही. मग एनओसी, म्हणजे आता काही बाकी नाही असं बँकेचं पत्र, घेतलं.

दीड महिना झाला तरी रिपोर्ट तसाच. सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची आहे अशी तक्रार, टाकला, त्याला पैसे लागत नाहीत, आणि बँकेला पण लेखी तक्रार केली. तक्रारीनंतर ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, तो मेलमध्ये लिहिला आणि पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन हेही लिहिलं. बाराव्या दिवशी अपडेट झालं. तीन रिपोर्ट आपोआप सुधारले, चौथ्यासाठी वेगळा डिस्प्यूट टाकावा लागला.

आता तिथे "पोस्ट राइट ऑफ क्लोज्ड", म्हणजे रिटन ऑफ झाल्यावर पूर्ण भरून बंद केलेलं, असं दिसतं, बाकी शून्य. उशिराचे जुने महिने मात्र तसेच आहेत, ते खरेच होते. पाच हजारात सगळं पुसून देतो म्हणणारे दोघं भेटले मला, पण खरी नोंद असं कोणी पुसू शकत नाही, त्यांना एक रुपया देऊ नका. स्कोअर ६१२ वरून ६८८ झालाय, हळूहळू चढतोय.

पुढच्या महिन्यात परत अप्लाय करतोय, दोघं मिळून. एनओसीच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक नवऱ्याकडे दिली.