अभद्र नाही का वाटत?

सांगलीला सुट्टीवर गेले की पहिल्या दोन दिवसांतच कुणीतरी विचारतं. इकडे ह्यूस्टनला मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारतात, जरा आवाज खाली आणून. "माणसं हिंडतीफिरती असताना तुम्ही त्यांना त्यांच्या अंत्यविधीचा विमा विकता. अभद्र नाही का वाटत?" हातात द्रोण घेऊन याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहिते.

माझ्या आजीच्या ट्रंकेत तळाशी एक पुरचुंडी असायची. काशीहून आणलेला गंगेचा गडू, सोन्याचा एक मणी आणि घडी घातलेल्या नोटा. "माझ्या क्रियाकर्माचे आहेत, हात लावायचा नाही," असं ती आम्हा नातवंडांना सांगायची, आणि लगेच त्याच ट्रंकेतून आम्हाला खडीसाखर काढून द्यायची. तेव्हा कुणी तिला अभद्र म्हटलं नाही. ती गेली त्या दिवशी वडिलांना कुणापुढे हात पसरावा लागला नाही. बाकीचं गल्लीने केलं. बांबू कुठून आणायचे, मडकं कोण धरणार, भटजींना निरोप कोण देणार, हे त्या माणसांना पाठ होतं.

टेक्ससमध्ये ती गल्ली नाही. मुलगा डॅलसला, मुलगी सिएटलला, शेजारी सज्जन पण त्यांना यातलं काही ठाऊक नाही. गल्लीचं सगळं काम इथे फ्यूनरल होम करतं आणि त्याचे पैसे घेतं. अमेरिकेतल्या फ्यूनरल डायरेक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ साली काढलेला मध्यम खर्च असा: अंत्यदर्शन आणि दफनासह ८,३०० डॉलर, अंत्यदर्शन आणि दहनासह ६,२८०. कुठलाही विधी न करता थेट दहन केलं तर यापेक्षा बरंच कमी लागतं. आणि सोशल सिक्युरिटीकडून, म्हणजे इथल्या सरकारी निवृत्तिवेतन योजनेकडून, मृत्यूनंतर एकरकमी मिळतात ते फक्त २५५ डॉलर, तेही ठरावीक वारसांनाच.

माझं काम असं. आठवड्यातले दोन दिवस मी एका फ्यूनरल होममध्ये बसते, बाकी दिवस लोकांच्या घरी जाते. आधी दरपत्रक समोर ठेवते. १९८४ पासून इथे केंद्र सरकारचा नियमच आहे की फ्यूनरल होमने प्रत्येक गोष्टीचा वेगळा दर लिहून दिला पाहिजे आणि फोनवर विचारलं तरी सांगितला पाहिजे. थेट दहनासाठी शवपेटी विकत घ्यायची सक्ती त्यांना करता येत नाही. हे आपल्या लोकांना माहीत नसतं, म्हणून तेच मी सगळ्यात आधी सांगते. मग काय हवं, काय नको ते ठरतं, त्याची बेरीज होते, आणि तेवढ्या रकमेचा विमा निघतो. हप्ता एकदम भरा, नाहीतर तीन, पाच, दहा वर्षांत. माणूस गेला की विमा कंपनी ती रक्कम फ्यूनरल होमला देते. करारात दराची हमी असेल तर पंधरा वर्षांनी भाव चढले तरी घरच्यांना फरक भरावा लागत नाही. फुलं, वर्तमानपत्रातली बातमी, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, भटजींची दक्षिणा यांना मात्र सहसा ही हमी नसते. हे मी बोट ठेवून दाखवते, कारण पुढे भांडणं याच ओळींवरून होतात.

मला कमिशन मिळतं. बेरीज मोठी तर कमिशन मोठं. म्हणूनच कुणी घेऊ नये हेही सांगायची जबाबदारी माझ्यावर आहे, असं मी मानते. पाच-दहा वर्षांत पुण्याला परतायचा विचार असेल तर घेऊ नका. हाताशी पुरेशी शिल्लक आणि भरवशाची मुलगी असेल तर बँकेत वेगळं खातं काढा आणि आपल्यामागे पैसे थेट तिला मिळतील अशी नोंद करा. त्याला काही खर्च नाही. एका मावशींना दुसऱ्या एजंटने दहा वर्षांचे हप्ते लावून दिले होते. एकरकमी भरायची त्यांची ऐपत होती. दोन वर्षांनी त्यांनी करार मोडला, तेव्हा भरलेल्याच्या मानाने अगदी थोडे पैसे हातात आले. त्या माझ्यासमोर रडल्या. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

पैसे बुडतील का, हेही विचारतात. बुडू शकतात. २००८ साली सेंट लुइसची नॅशनल प्रीअरेंज्ड सर्व्हिसेस ही कंपनी आणि तिच्याशी जोडलेल्या टेक्ससमधल्या विमा कंपन्या कोसळल्या. लोकांचे आगाऊ पैसे मालकांनी दुसरीकडे वळवले होते. पुढे त्यांना तुरुंगवास झाला. बहुतेक कुटुंबांचे विधी पार पडले, ते राज्याराज्यांच्या हमी निधींमुळे. म्हणून टेक्ससमध्ये मी म्हणते, विकणाऱ्याकडे राज्याच्या बँकिंग खात्याचा परवाना आहे का ते आधी बघा. सही मग करा.

आता ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या एका काका-काकूंबद्दल सांगते. काका निवृत्त इंजिनिअर. त्यांनी दरपत्रकावर पेन्सिलने खुणा करून ठेवल्या होत्या. टेक्ससमध्ये मृत्यूनंतर ४८ तास झाल्याशिवाय सहसा दहन करता येत नाही, तेवढा वेळ देह शीतगृहात राहणार, त्याचे किती, हेसुद्धा त्यांनी आधीच काढलं होतं. काकू चहा देऊन गप्प बसल्या होत्या. मी फॉर्म मिटायला घेतला तेव्हा त्यांनी विचारलं, "मला साडी कोण नेसवणार गं?"

काकांची पेन्सिल थांबली. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांच्या कानावर आला नव्हता. काकूंना परक्या माणसाचा हात नको होता. त्यांच्या भजनी मंडळातल्या चौघींची नावं मी लिहून घेतली. घरच्या बायकांना स्नान घालायला आणि साडी नेसवायला बंद खोलीत दोन तास, असं करारात घातलं. कुठली साडी, तेही. दहनभट्टीचं बटण मुलीने दाबायचं, हे त्यांनी काकांकडे न बघता सांगितलं आणि काकांनी मान डोलावली.

तीन वर्षांनी काकू गेल्या. मुलगी रात्रीच्या विमानाने आली, तिला काही सुचत नव्हतं. मी तिला तो कागद दिला. चौघींपैकी तिघी आल्या. चौथी भारतात होती. मी खोलीबाहेर बाकावर काकांशेजारी बसले होते. आतून काकूंच्या मैत्रिणींचं हळूहळू बोलणं ऐकू येत होतं. मग दार थोडं उघडलं आणि मुलीने विचारलं, "आई पदर उलटा घ्यायची की सुलटा, यांचं एकमत होईना. कागदावर आहे का काही?"

होतं. मी दुसरं पान उघडून तिच्या हातात दिलं.