पळाला म्हनं

सरकारी वकिलांनी विचारलं, ‘मग तुम्ही काय पाहिलं?’ पिंजऱ्यातली आजी म्हणाली, ‘गोठा पेटला व्हता. त्यो डबा टाकून पळाला म्हनं.’

न्यायाधीश मॅडमनी डिक्टेशन दिलं, ‘त्या वेळी गोठ्याला आग लागलेली होती. आरोपी रॉकेलचा डबा टाकून पळून गेला.’ मी टाईप केलं. पूर्णविरामावर बोट पडलं आणि मला जाणवलं की वाक्यातलं काहीतरी खाली सांडलं आहे.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात स्टेनो आहे. ही गोष्ट जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या काळातली. सत्र खटल्यात साक्षीदार जे बोलतो ते जसंच्या तसं कागदावर येत नाही. न्यायाधीश खुल्या न्यायालयात मजकूर सांगतात आणि आम्ही तो उतरवतो. प्रश्न-उत्तरं गळून जातात, त्यांचं सलग निवेदन होतं. ‘मी अमुक गावी राहते. मी आरोपीस ओळखते.’ बोलणं साक्षीदाराचं असतं, वाक्यं न्यायालयाची. मग ती वाक्यंच साक्षीदाराची साक्ष म्हणून अपिलात थेट उच्च न्यायालयापर्यंत जातात. तिथं आजीचा आवाज नसतो, फक्त निशाणी क्रमांक, म्हणजे त्या कागदाला दिलेला नंबर, असतो.

खटला भारतीय दंड संहितेच्या कलम ४३६ खालचा होता. रात्री गोठा पेटवून दिल्याचा आरोप. दोन बैल आत जळाले. या कलमाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. आरोपी शेजारचाच, मजुरी करणारा. जामीन मंजूर होता, पण जामीनदार उभा राहीना म्हणून चौदा महिने आत. त्याला मोफत विधी सेवेकडून वकील मिळाला होता. सनद घेऊन फार दिवस न झालेला मुलगा, अभ्यासू, पण त्या दिवशी त्याच्याकडे आणखी तीन प्रकरणं होती. उलटतपासात त्यानं बांधाचा वाद विचारला, आजीचं आणि फिर्यादीचं नातं विचारलं आणि ‘तुम्ही खोटी साक्ष देत आहात’ ही शेवटची सूचना करून तो बसला. ‘म्हनं’कडे त्याचं लक्ष गेलं नव्हतं. कुणाचंच गेलं नव्हतं. खरं तर खोलीतल्या प्रत्येकानं तो शब्द ऐकला होता. आपण मराठी माणसं तो इतक्या सहज ऐकतो की ऐकला हेच कळत नाही.

‘पळाला’ म्हणजे मी पाहिलं. ‘पळाला म्हणे’ म्हणजे लोक सांगतात. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६० चं सगळं सार आमच्या आज्ज्यांच्या त्या दोन अक्षरांत आहे. पाहिलेली गोष्ट सांगायची तर ती पाहणाऱ्यानंच सांगितली पाहिजे. पण कार्यालयीन मराठीत ‘म्हणे’ला जागाच नाही. मॅडमनी मुद्दाम काही वगळलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या यादीत, साठ-पासष्ट प्रकरणं असताना ‘व्हता’चं ‘होता’ करता करता ‘म्हनं’ही धुतलं गेलं. मी स्वतः इतक्या वर्षांत किती ‘म्हणे’ असे धुतले असतील, या विचारानं त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला.

बोलू की नको? स्टेनोनं चालू कामकाजात तोंड उघडायचं नसतं, आणि तो नियम योग्यच आहे. आम्ही बोलायला लागलो तर नोंदीवर विश्वास कोण ठेवील?

पण संहितेत कलम २७८ होतं. साक्ष पूर्ण झाली की ती साक्षीदाराला, आरोपीच्या किंवा त्याच्या वकिलाच्या समक्ष, वाचून दाखवायची आणि गरज पडली तर दुरुस्त करायची. नव्या संहितेतही ही तरतूद आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कागद पुढे सरकतो, ‘इथं सही करा’ होतं आणि ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ हे खाली आधीच टाईप केलेलं असतं. त्या दिवशी मी प्रिंट काढली, पिंजऱ्याजवळ गेले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले.

आजी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. नाव, गाव, धंदा शेती. हात पिंजऱ्याच्या कठड्यावर, बोटांत पदराचं टोक. ‘आरोपी रॉकेलचा डबा टाकून पळून गेला.’ तिनं मान हलवली. मी थांबले आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं, सावकाश.

‘हां, पळाला म्हनं,’ ती म्हणाली.

मी मान वर केली नाही. मॅडमनी केली.

‘म्हनं म्हणजे? आजी, तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलं का त्याला पळताना?’

‘न्हाई ओ बाई. मला दिस बुडला की आमची शेळी वळखू येत न्हाई. मोतीबिंदू हाय. समदे म्हनत व्हते तसं म्या सांगितलं.’

सरकारी वकील ताडकन उठले. स्टेनोनं साक्षीदाराला सुचवलं, वाक्य दोनदा वाचलं, अशी हरकत त्यांनी घेतली. दोनदा वाचलं होतं, हे खरंच होतं. मॅडमनी मला विचारलं, मी ‘हो’ म्हटलं. त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘वाचून दाखवणं हे कामच आहे. न्यायालयाचा प्रश्न म्हणून लिहा.’ आणि न्यायाधीशाला स्वतः प्रश्न विचारू देणाऱ्या पुरावा कायद्याच्या कलम १६५ च्या अधिकारात तो प्रश्न आणि ते उत्तर जसंच्या तसं नोंदवायला लावलं. प्रश्न वेगळा, उत्तर वेगळं, आजीच्या शब्दांत. त्या बाईंबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो त्या वाक्यापासूनचा आहे. स्वतःच्या डिक्टेशनमधली चूक भर कोर्टात मान्य करायला मोठं मन लागतं.

पुढे सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर जाहीर करून उलटतपासाची परवानगी मागितली आणि ती मिळाली. पोलिसांपुढच्या जबाबात तर ‘मी पाहिले’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तसल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कायदाच तसा आहे. आजी म्हणाली, ‘त्येनी लिवलं आसंल. मला कुनी वाचून न्हाई दावलं.’ तिला फितूर म्हणताना मला फार वाईट वाटलं. ती पहिल्यापासून एकच गोष्ट सांगत होती. बदललं होतं ते आमचं लिहिणं.

जिथं दुरुस्ती झाली तिथं मॅडमनी आद्याक्षरं केली. तळाशी आजीचा अंगठा. शाई जरा जास्त लागली होती. शिपायानं दिलेल्या कागदाला बोट पुसून ती खाली उतरली आणि जाताना आरोपीकडे पाहून म्हणाली, ‘बरा हायेस का रं?’ तो नुसता उभा होता. काय घडलं हे त्याला कळलं होतं असं मला वाटत नाही.

मधल्या सुट्टीत फिर्यादी माझ्या टेबलापाशी आला. साठीचा माणूस, सकाळपासून मागच्या बाकावर बसून होता. त्याच्याबद्दलही लिहायलाच हवं, कारण ज्याचे बैल जळाले तो हा होता. माझ्यावर रागावला असेल असं वाटून मी खुर्चीत सावरून बसले. तो म्हणाला, ‘म्हातारी खोटं बोलनारी न्हाई.’ थोडा वेळ गप्प राहिला. ‘पर बाई, मंग माझी बैलं कुनी जाळली?’

मी काही बोलू शकले नाही. त्यानं पुढची तारीख विचारली. मी बोर्ड बघून सांगितली. त्यानं खिशातून एसटीचं तिकीट काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, ‘हितं लिवून द्या.’ मी तिकिटाच्या मागं ठळक आकड्यांत तारीख लिहिली, मग त्याला ती वाचून दाखवली.